भोक पाडण्याआधी: गळक्या भूमिगत टाक्यांच्या तपासणीचा आराखडा, एक आढावा

पेट्रोल पंपाखाली पुरलेली टाकी गळते आहे असा संशय आला, की सफाईच्या आधी तपासणीचा प्रश्न उभा राहतो. किती इंधन गळले, ते कोणत्या दिशेला गेले, कोणाच्या विहिरीपर्यंत पोहोचले, यातले काहीच वरून दिसत नाही. ते शोधायला जमिनीत भोके पाडावी लागतात आणि प्रत्येक भोकाला पैसे पडतात. भोके कुठे, किती, किती खोल आणि कोणत्या क्रमाने पाडायची, हे ठरवणे म्हणजे तपासणीचा आराखडा. अमेरिकेत या आराखड्यावरून चाळीस वर्षे चर्चा चालू आहे. तिथे आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची अधिकृत नोंद झाली आहे. त्यांपैकी दहात नऊच्या आसपास प्रकरणे बंद झाली, पण उरलेली हजारो प्रकरणे वर्षानुवर्षे फायलींत पडून आहेत. इतका अनुभव दुसऱ्या कोणत्याही देशाच्या गाठीशी नाही. म्हणून हा आढावा मुख्यतः तिथला आहे. आपल्याकडचा संबंध शेवटी येईल.

टाक्या उकरल्या आणि फायली साचल्या

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या आणि चौकाचौकांत पंप झाले. बहुतेक ठिकाणी साध्या पोलादी टाक्या, गंज लागू नये म्हणून काहीही न करता, मातीत पुरल्या गेल्या. ओल्या मातीत उघडे पोलाद दोन-तीन दशकांत सडू लागते. १९८३ च्या डिसेंबरात सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने हा विषय घराघरांत पोहोचवला. १९८४ साली अमेरिकी काँग्रेसने घातक कचऱ्याच्या कायद्यात भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. १९८५ साली पर्यावरण संरक्षण संस्थेत, म्हणजे ईपीएत, त्यासाठी वेगळे कार्यालय उघडले. १९८६ साली इंधनाच्या गॅलनमागे सेंटचा दहावा भाग कर बसवून सफाईचा निधी उभारला गेला.

खरी घडामोड १९८८ च्या नियमांनी झाली. प्रत्येक टाकीला गळती ओळखण्याची सोय हवी, गंजापासून संरक्षण हवे, भरताना सांडू नये अशी व्यवस्था हवी. जुन्या टाक्यांना २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली: सुधारा, बदला किंवा बंद करा. लाखो टाक्यांच्या बाबतीत बंद करण्याचा मार्ग धरला गेला. टाकी कायमची बंद करताना भोवतालची माती तपासणे सक्तीचे होते आणि तपासले की बऱ्याचदा काहीतरी सापडायचेच. त्या दहा वर्षांत राज्यांच्या कार्यालयांत फायलींचे ढीग लागले. एकेका अधिकाऱ्याकडे शेकडो प्रकरणे आली. तपासणी झटपट आणि तरी भरवशाची कशी करायची, हा प्रश्न तिथे जन्माला आला. त्याची बीजे भूशास्त्रात जेवढी आहेत, तेवढीच कार्यालयीन अडचणीतही आहेत, हे पुढचा सगळा वाद वाचताना लक्षात ठेवलेले बरे.

दोन तपासण्या, दोन हेतू

इथे एक घोळ आधीच निस्तरायला हवा. जागेची खरेदी-विक्री होताना जी ‘फेज वन’ पाहणी होते, ती आणि गळती कळल्यावरची तपासणी या वेगळ्या गोष्टी आहेत. फेज वनचा साचा एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९९३ साली घालून दिला. त्याची सध्याची आवृत्ती २०२१ ची आहे. यात एकही नमुना घेत नाहीत. जुन्या सरकारी नोंदी, हवाई छायाचित्रे, आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलाखती आणि जागेवरचा एक फेरफटका, एवढेच. सॅनबॉर्नच्या नकाशांवर पेट्रोलच्या टाक्या दाखवलेल्या असत. आज जिथे कपड्यांचे दुकान आहे तिथे १९३० साली पंप होता, हे त्यातून कळते. संशयाला आधार मिळाला तर ‘फेज टू’मध्ये नमुने घेतात.

या साऱ्याचा हेतू खरेदीदाराला कायदेशीर संरक्षण देण्याचा आहे. ‘इथे काही आहे का?’ एवढेच त्याला विचारायचे असते. गळती ठरल्यावरच्या तपासणीला ‘कुठवर, किती आणि कोणाला धोका?’ हे विचारायचे असते. पहिल्यासाठी केलेला आराखडा दुसऱ्यासाठी वापरला की अर्धवट अहवाल तयार होतो, आणि असे अहवाल कमी नाहीत.

नियमातले घड्याळ

गळतीचा संशय आला की केंद्रीय नियमांनुसार २४ तासांत कळवायचे. सात दिवसांत टाकी आणि नळ तपासायचे किंवा जागेची प्राथमिक चाचणी करायची. गळती नक्की झाली तर आग-स्फोटाचा धोका लगेच दूर करायचा, २० दिवसांत पहिला अहवाल द्यायचा आणि ४५ दिवसांत जागेची प्राथमिक माहिती सादर करायची: माती कशी, पाणी किती खोल, विहिरी कुठे, वस्ती किती.

वेळा कडक आहेत, पण त्या पहिल्या पावलांच्या. पूर्ण तपासणी किती दिवसांत आणि कोणत्या पद्धतीने संपवायची हे केंद्राने राज्यांवर सोडले. वाद याच मोकळ्या जागेत वाढला.

टप्प्याटप्प्याची रीत

जुनी रीत अशी. टाकीच्या खड्ड्याभोवती किमान तीन निरीक्षण विहिरी खणायच्या, कारण तीन ठिकाणची पातळी कळल्याशिवाय भूजलाचा उतार निघत नाही. माती आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. निकाल यायला दोन-तीन आठवडे. मग अहवाल, मग अधिकाऱ्याचे वाचन, मग ‘उत्तरेकडे आणखी दोन विहिरी घ्या’ असे पत्र, मग त्या खर्चाची मंजुरी आणि यंत्र पुन्हा जागेवर. असे तीन-चार फेरे झाले की काही वर्षे सहज जातात. तोवर पाणी चालतच असते.

हे वाचून ही रीत वेडगळ वाटेल. ती तशी नाही. कायमस्वरूपी विहीर पुढची अनेक वर्षे, ऋतूऋतूंत, पाणी मोजू देते. एकदाच पाडलेल्या भोकाला ते जमत नाही. प्रयोगशाळेचा निकाल कोर्टात टिकतो. प्रत्येक टप्प्याला मंजुरी असल्याने सल्लागाराने उगाच खर्च फुगवला असे म्हणता येत नाही. आणि शेकडो फायली सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला कागदावर, आपल्या सवडीने, निर्णय घेता येतो.

आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. जागेबद्दल सर्वांत कमी माहिती असते तेव्हाच सर्वांत महाग आणि न हलणारी गोष्ट, म्हणजे विहीर, बसवली जाते. पहिल्या तीन विहिरींच्या जागा अंदाजाने ठरतात आणि नंतरचे सगळे त्या अंदाजाभोवती फिरते.

एका दमात तपासणी

मार्च १९९७ मध्ये ईपीएने अधिकाऱ्यांसाठी जलद तपासणीच्या साधनांची मार्गदर्शिका काढली आणि दुसरा पक्ष उघडपणे मांडला गेला. पुढच्याच वर्षी एएसटीएमने पेट्रोलियमच्या गळतीसाठी त्याच विचारावर मानक केले. २००० नंतर हाच धागा ‘ट्रायड’ या नावाने अधिक पद्धतशीर झाला. त्याचे तीन भाग: सर्वांनी बसून आधीच नीट नियोजन करायचे, कामाचा क्रम जागेवर बदलता येईल असा ठेवायचा आणि मोजमाप तिथल्या तिथे करायचे.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. ट्रकवर बसवलेले यंत्र ड्रिलिंग न करता, हातोड्याच्या ठोक्यांनी पोलादी दांडा जमिनीत ठोकते. दांड्याच्या आत पारदर्शक प्लास्टिकची नळी असते. ती वर काढून उभी चिरली की चार-पाच फुटांचा मातीचा सलग तुकडा हाती येतो. वरचा भाग तपकिरी. जिथे पेट्रोल बसून राहिले तिथे तीच माती हिरवट-करडी पडलेली असते, वासही येतो. दर फुटाला मूठभर माती बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, थोडा वेळ ठेवतात, मग पिशवीत पीआयडी या वाफा मोजणाऱ्या उपकरणाचे टोक खुपसतात. आकडा उसळला तर खाली इंधन आहे. तो उसळत नाही तोवर सरकत जायचे, उसळला की त्याची कड शोधायची. पुढचे भोक कुठे ते मागच्या भोकाने सांगितलेले असते. दिवसाकाठी अशी दहा-पंधरा भोके होतात. जिथे कायमची विहीर हवीच, तिथे ती सगळ्यात शेवटी, माहीत असलेल्या जागी बसते. आणखी पुढची साधने म्हणजे दांड्याच्या टोकाला गरम पडदा किंवा लेसर बसवून खोलीगणिक सलग नोंद घेणारी.

मर्यादाही मोठ्या आहेत. पीआयडी एकूण वाफ सांगते, त्यात बेंझीन हा पेट्रोलमधला घातक घटक किती ते सांगत नाही. दमट हवेत ती चकते. गोटे किंवा पक्का खडक लागला की दांडा थांबतो. शिवाय जागेवर निर्णय घ्यायचा तर निर्णय घेऊ शकणारा माणूस जागेवर हवा. व्यवहारात तिथे बहुधा नुकता नोकरीला लागलेला भूशास्त्रज्ञ असतो आणि अनुभवी माणूस कार्यालयात. अधिकारी फोनवर उपलब्ध नसेल तर ‘जागेवर बदलणारा’ आराखडा जागच्या जागी अडतो.

ट्रायडवाल्यांचा एक मुद्दा मात्र दोन्ही बाजूंनी मान्य व्हावा असा आहे. ईपीएच्याच गुणवत्ता-नियोजनाच्या सात पायऱ्यांत पहिली पायरी प्रश्न मांडण्याची आणि दुसरी कोणता निर्णय घ्यायचा ते ठरवण्याची आहे. नमुने किती, हा प्रश्न शेवटच्या पायरीवर येतो. कुठल्याही कंपनीचा आराखडा उघडून पाहावा. बहुतेकांत तो पहिल्याच पानावर असतो.

खोलीचा धडा

न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवरील ईस्ट पॅचोग हे गाव या क्षेत्रात माहीत आहे ते एका पंपाच्या गळतीमुळे. गळतीचा पत्ता लागला तो पंपापासून सुमारे ४,००० फूट पुढच्या एका खाजगी विहिरीतून. तपास केल्यावर दिसले की दूषित पाण्याचा पट्टा पुढे जाताना भूजलाच्या पृष्ठभागाशी राहिलेलाच नाही. वरून मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याखाली तो दबत गेला होता आणि वाटेत वाळू-खडीच्या खाणीपाशी, जिथे पाणी जास्त मुरते, एकदम खाली गेला होता. पृष्ठभागाला छेदणारी नेहमीची निरीक्षण विहीर तिथे बसवली असती, तर तिने पाणी स्वच्छ असल्याचा दाखला दिला असता.

तो पट्टा इतका लांब गेला तो एमटीबीई या रसायनामुळे. पेट्रोल नीट जळावे म्हणून ते त्यात मिसळत. १९९० च्या हवा-कायद्यातील दुरुस्तीनंतर त्याचा वापर फार वाढला. ते पाण्यात बेंझीनपेक्षा कितीतरी पट विरघळते, मातीला चिकटत नाही आणि जिवाणू ते सहज खात नाहीत. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला त्यामुळे चार्नॉक भागातल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा निम्म्याच्या आसपास पाणीपुरवठा गेला. आसपासच्या अनेक पंपांपैकी आणि इंधनवाहिन्यांपैकी कोणाचे किती, हे शोधणे ही स्वतंत्र तपासणी झाली. शुद्धीकरण प्रकल्प उभारून ते पाणी परत मिळवायला जवळपास दीड दशक लागले.

या दोन प्रकरणांनी आराखड्यात तिसरी मिती आणली. लांब जाळीची, म्हणजे पाणी आत घेणारा भाग लांब असलेली, विहीर वेगवेगळ्या थरांतले पाणी एकत्र ओढते. आमटीत चार तांबे पाणी ओतून मग तिखटपणा ठरवावा, तसा तो नमुना. म्हणून आज आखूड जाळ्या, वेगवेगळ्या खोलीवर, असा आग्रह धरला जातो. विरोधी बाजूचे म्हणणे असे की एकेका चौकातल्या पंपावर अशी सूक्ष्म तपासणी परवडणार नाही आणि बहुतेक जागी तिची गरजही नाही. एमटीबीई आता अमेरिकी पेट्रोलमधून जवळजवळ गेले आहे. नियम अपवादावरून बनवायचा की सरासरीवरून, हा मूळ मतभेद मात्र गेलेला नाही.

किती कळले म्हणजे पुरे?

सरासरीच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा १९९५ साली लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने दिला. कॅलिफोर्नियातल्या २७१ प्रकरणांची आकडेवारी तपासून संशोधक म्हणाले की पाण्यातला बेंझीनचा पट्टा क्वचितच २५० फुटांपलीकडे जातो. मूळ गळती थांबवली की तो स्थिर होतो आणि जिवाणूंच्या कामामुळे आकसतो. १९९७ साली टेक्सासच्या अभ्यासातही साधारण हेच चित्र निघाले. दरम्यान, १९९५ सालीच एएसटीएमने जोखमीवर आधारित सफाईचे मानक आणले: दूषित पदार्थ, माणसापर्यंत पोहोचण्याची वाट आणि तिथे राहणारा माणूस, हे तिन्ही असतील तरच धोका.

याने आराखड्याचा अर्थ बदलला. प्रदूषणाची कड शेवटच्या थेंबापर्यंत शोधण्याऐवजी विहिरी, शाळा, तळघरे, ओढे आधी मांडायचे आणि त्यांच्याकडे जाणारी वाट तपासायची. कॅलिफोर्नियाने २०१२ साली ‘कमी धोक्याच्या’ टाक्यांची प्रकरणे बंद करण्याचे धोरण आणले, ते याच वाटेवरचे. शेकडो जुन्या फायली त्यामुळे मिटल्या.

टीकाकारांचे म्हणणे तितकेच नेमके आहे. लिव्हरमोरचा अभ्यास बेंझीन आणि त्याच्या भावंडांचा होता. तो प्रसिद्ध झाला आणि वर्षभरात सँटा मोनिकाच्या विहिरी एमटीबीईने बंद झाल्या. जे मोजले नाही त्याबद्दल ‘धोका नाही’ म्हणता येत नाही. शिवाय आज जवळ विहीर नाही म्हणून बंद केलेल्या जागेशेजारी उद्या कोणी विहीर खोदली तर काय? जमिनीच्या कागदपत्रांवर निर्बंध नोंदवणे हा उपाय आहे, पण तो पन्नास वर्षे कोण पाळतो, याला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

माझ्या मते दोन्ही पक्ष वेगवेगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरे देतात. आकडेवारी हजार जागांच्या समूहाबद्दल बोलते. अधिकाऱ्याला सही एका जागेवर करायची असते.

वाफा आणि तरंगता थर

या दोन बाबतींत वाद बऱ्यापैकी निवळला आहे, म्हणून थोडक्यात.

जमिनीतून घरात शिरणाऱ्या वाफांबद्दल २००२ च्या मसुद्यात ईपीए सर्व रसायनांना १०० फुटांचा एकच निकष लावत होती. पण पेट्रोलच्या वाफा मातीतल्या ऑक्सिजनमुळे जिवाणू खाऊन टाकतात. ड्राय क्लीनिंगच्या दुकानांतून निघणाऱ्या क्लोरीनयुक्त द्रवांच्या वाफा तशा संपत नाहीत. २०१५ च्या मार्गदर्शिकेत म्हणून पेट्रोलियमसाठी वेगळे अंतर आले: विरघळलेले प्रदूषण असेल तर घराखाली ६ फूट स्वच्छ माती, शुद्ध इंधन असेल तर १५ फूट. आराखड्यात वाफांचे नमुने कुठे घ्यायचे ते यावरून ठरते, आणि कित्येक ठिकाणी घ्यावेच लागत नाहीत.

पाण्यावर तरंगणाऱ्या इंधनाचेही तसेच. विहिरीत दिसणारी थराची जाडी म्हणजे जमिनीतली जाडी, असे आधी धरले जाई. ते तसे नसते हे १९९० साली दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. मातीच्या रंध्रांत इंधन, पाणी आणि हवा एकत्र असतात. विहिरीत मात्र सगळे इंधन गोळा होऊन दिसते, आणि पाण्याची पातळी हलली की त्याची जाडी फसवी बदलते. आता जाडीऐवजी ते इंधन किती वाहू शकते हे मोजण्याकडे कल आहे. जुने नियम अनेक राज्यांत अजूनही इंचातच बोलतात.

खर्चाची वही

कोणता आराखडा निवडला जातो हे शेवटी बिलाच्या रचनेवर ठरते, असे या क्षेत्रातले लोक खाजगीत कबूल करतात. पेट्रोल विकणाऱ्या टाकीमालकाकडे एका घटनेसाठी दहा लाख डॉलरपर्यंतची आर्थिक तयारी हवी, असा केंद्रीय नियम आहे. छोट्या मालकांना ते शक्य नसल्याने बऱ्याच राज्यांनी स्वतःचे निधी काढले. निधी खर्च परत देतो तो आधी मंजूर केलेल्या दरांनी: इतक्या विहिरी, इतके नमुने, इतके अहवाल. ‘तिथे जाऊन ठरवू’ याला त्या तक्त्यात रकाना नसतो. एका दमात केलेली तपासणी एकूण स्वस्त पडते असे तिचे समर्थक म्हणतात. पण तिचा पहिला हप्ता मोठा असतो आणि मंजुरी पहिल्या हप्त्याचीच लागते.

२०११ साली ईपीएने १४ राज्यांतली तुंबलेली प्रकरणे अभ्यासली. बरीचशी प्रकरणे दहा वर्षांहून जुनी होती आणि बहुतेकांत भूजल दूषित होते. तपासणीची रीत बदलली असती तर यातली किती आधी संपली असती, हे मात्र अशा अभ्यासातून सुटे काढता येत नाही. निधीची चणचण, जबाबदार मालकाचा पत्ता न लागणे, कोर्टकज्जे हे सगळे त्यात गुंतलेले आहे.

काय सुटलेले नाही

पहिली गाठ जुन्या शिसेयुक्त पेट्रोलची. त्यात शिशाबरोबर एथिलीन डायब्रोमाइड घालत. पिण्याच्या पाण्यात त्याची अमेरिकी मर्यादा अब्जात ०.०५ भाग, म्हणजे बेंझीनच्या शंभराव्या हिश्शाइतकी. जुन्या तपासण्यांत ते क्वचितच मोजले गेले. नेहमीच्या चाचणीला ते इतक्या कमी प्रमाणात दिसतही नाही, वेगळी चाचणी मागवावी लागते. बंद झालेल्या फायली त्यासाठी पुन्हा उघडायच्या का, यावर एकमत नाही.

दुसरी गाठ इथेनॉलची. जिवाणू इथेनॉल आधी खातात, त्यात मातीतला ऑक्सिजन संपतो आणि बेंझीन तसेच मागे राहते. त्यामुळे बेंझीनचा पट्टा लांबू शकतो, शिवाय मिथेन तयार होतो. लिव्हरमोरचे २५० फूट साध्या पेट्रोलच्या काळातले आहेत. इथेनॉलच्या पेट्रोलला ते किती लागू होतात, याची मोठ्या संख्येने तपासलेली आकडेवारी हवी.

तिसरी आणि सर्वांत कठीण गाठ खडकाची. आतापर्यंतची बहुतेक साधने वाळू-मातीसाठी घडलेली आहेत. हवाईमधल्या रेड हिल या अमेरिकी नौदलाच्या इंधनसाठ्याने ते उघडे पाडले. १९४० च्या दशकात बेसाल्टच्या डोंगरात कोरलेल्या २० टाक्या, प्रत्येकीची क्षमता सव्वा कोटी गॅलन, आणि सुमारे १०० फूट खाली होनोलुलूचे पिण्याचे पाणी. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंधन नौदलाच्या पाणीपुरवठ्यात शिरले आणि सुमारे ९३,००० लोकांच्या नळांना ते पोहोचले. त्या खडकातून पाणी नेमके कोणत्या दिशेला वाहते, यावरून नौदल आणि नियामक यांच्यात त्याआधीपासून मतभेद होते. एवढा पैसा, एवढे तज्ज्ञ आणि इतकी वर्षे मिळूनही जागेचे सर्वमान्य चित्र उभे राहिले नव्हते. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून, दोन थरांमधल्या मोकळ्या जागांतून जाते. दोन भोकांमध्ये एक भेग चुकली की चित्र चुकते.

आपला संबंध इथे येतो. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. हवाईपेक्षा आपले थर जुने, जाड आणि कमी पाणी देणारे, पण दांडा ठोकण्याची अडचण तीच. पंपाच्या टाकीचा खड्डा मुरुमात असतो. त्याखालचा कुजलेला आणि भेगाळलेला खडक हाच गावच्या विहिरींचा आधार. तांबड्या गेरूचा थर लागला की पाणी त्यावरून आडवे सरकते. उन्हाळ्यात खाली गेलेली पातळी पावसाळ्यानंतर काही मीटर वर येते, त्यामुळे गळलेले इंधन खडकाच्या भेगांत वर-खाली फासले जाते. मे महिन्यात स्वच्छ निघालेला नमुना ऑक्टोबरात तसाच निघेल असे नाही. तीन विहिरी आणि एक उतार हे गणित अशा खडकात आधीच डळमळीत आहे.

नियमांचे चित्रही अलीकडचे आहे. टाकी कशी बांधावी हे पेट्रोलियम नियम, २००२ सांगतात, पण त्यांचा रोख आगीच्या सुरक्षिततेवर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासून ५० मीटर अंतराचा निकष घालून दिला. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले. प्राथमिक पाहणी ९० दिवसांत करायची, मग सविस्तर तपासणी, अशी त्यांची रचना आहे, म्हणजे पुन्हा टप्पे. मुंबई-पुण्यात परदेशी कंपनी कारखान्याची जागा घेते तेव्हा एएसटीएमच्या साच्यातली फेज वन आजही होते, आणि ती करणारे भूशास्त्रज्ञ इथलेच असतात. त्यांच्याकडे दख्खनच्या खडकाचा अनुभव आहे, पण कागद वाळूसाठी बनवलेला. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले, त्यामुळे त्याआधीच्या पंपांच्या जागी एथिलीन डायब्रोमाइडचा प्रश्न लागू आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे मिश्रण आले, म्हणजे तो प्रश्नही लागू आहे.

केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा पाण्याची पातळी मोजते, राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावोगाव आहेत. नव्या नियमांखालची पहिली सविस्तर तपासणी एखाद्या पंपाच्या जागी झाली, तर पहिल्या तीन भोकांच्या जागा या नोंदी पाहून ठरतात की पंपाच्या कुंपणाला धरून, हे बघावे लागेल.